मोबाइल बिझनेस इंटेलिजन्स

मोबाइल बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे एखाद्या संस्थेच्या विक्री, साठा, वसुली, उत्पादन, खर्च इत्यादी नोंदींचे विश्लेषण स्मार्टफोन किंवा टॅब्लेटवरील ॲपमधून पाहण्याची व त्याआधारे निर्णय घेण्याची पद्धत होय. 'बिझनेस इंटेलिजन्स' या संज्ञेचे 'बीआय' हे संक्षिप्त रूप व्यवहारात रूढ आहे. मराठीत 'व्यवसाय बुद्धिमत्ता' असा शब्दशः प्रतिशब्द काही ठिकाणी आढळतो. तथापि मूळ संज्ञेतील 'इंटेलिजन्स' या शब्दाचा अर्थ बुद्धी असा नसून 'वेळेवर हाती आलेली खबर' असा आहे. त्यामुळे हा प्रतिशब्द काहीसा दिशाभूल करणारा ठरतो. पॉवर बीआय, टॅब्लो, क्लिक, झोहो ॲनॅलिटिक्स ही या प्रकारची प्रचलित उत्पादने असून त्या प्रत्येकाचे स्वतंत्र मोबाइल ॲप उपलब्ध आहे.

संज्ञा आणि इतिहास

'बिझनेस इंटेलिजन्स' हा शब्दप्रयोग संगणकापूर्वीचा आहे. रिचर्ड मिलर डेव्हेन्स यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक किश्श्यांच्या संग्रहात हेन्री फर्नीस या सावकाराच्या संदर्भात तो आढळतो. युद्धाच्या बातम्या इतरांआधी मिळवून फर्नीसने नफा कमावला, असे तेथे सांगितले आहे. आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा वापर आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मधील एका लेखात केला. योग्य माहिती योग्य व्यक्तीपर्यंत आपोआप पोहोचविणारी यंत्रणा कशी असावी, हा त्या लेखाचा विषय होता. १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेसनर यांनी तथ्याधारित निर्णयांना साहाय्य करणाऱ्या पद्धतींसाठी ही संज्ञा वापरली आणि १९९० च्या दशकात ती सर्वत्र रुळली.

फोनवर ही माहिती नेण्याचे प्रारंभीचे प्रयत्न लघुसंदेश, वॅप पद्धतीची संकेतस्थळे आणि ब्लॅकबेरीसारखी ईमेल-केंद्री उपकरणे यांच्या साहाय्याने झाले. त्या काळातील लहान पडद्यावर तक्ता नीट दिसत नसे आणि आलेख तर जवळजवळ अशक्यच होता. त्यामुळे आदल्या दिवशीच्या विक्रीचा एखादा आकडा किंवा ईमेलसोबत जोडलेला अहवाल एवढ्यापुरताच हा वापर मर्यादित राहिला. २००७ मध्ये आलेला आयफोन, २००८ मध्ये सुरू झालेले ॲप स्टोअर आणि २०१० मधील आयपॅड यांनी ही अडचण दूर केली. अमेरिकेतील मेल्मो या कंपनीचे 'रोअँबी' हे आयफोनसाठीच घडविलेल्या पहिल्या बीआय ॲपांपैकी एक होते. पुढे २०१६ मध्ये ते सॅप या जर्मन कंपनीने विकत घेतले. मायक्रोस्ट्रॅटेजीनेही २०१० पासून या क्षेत्रात भर दिला. मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआय ही सेवा २४ जुलै २०१५ रोजी सर्वांसाठी खुली झाली.

या ॲपांमध्ये मुख्य पडद्याला 'डॅशबोर्ड' म्हणतात. हा शब्द मुळात घोडागाडीचा आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. मोटारींत तेथे वेग व इंधन दाखविणारे काटे बसविले गेले आणि तेथून तो शब्द संगणकाच्या पडद्यावर आला.

रचना व कार्यपद्धती

फोनवरील ॲप स्वतः फारसे काही मोजत नाही, ही बाब नव्या वापरकर्त्याच्या लक्षात सहसा येत नाही. मूळ नोंदी हिशेबाच्या प्रणालीत, बिलाच्या यंत्रात किंवा एक्सेलच्या फायलीत असतात. त्या ठरावीक वेळी उचलून, स्वच्छ करून, एका सामायिक आराखड्यात बसविल्या जातात. या आराखड्यावर संगणकावर अहवाल तयार होतो, तो सेवादात्याच्या सर्व्हरवर प्रकाशित केला जातो आणि फोनवरील ॲप तेथून त्याचे चित्र व आकडे मागवते. म्हणजेच फोनवर दिसणारा आकडा किमान दोन-तीन टप्पे ओलांडून आलेला असतो. त्यांपैकी एखादा टप्पा अडला तरी ॲप बहुधा रिकामे दिसत नाही. ते जुना आकडा दाखवीत राहते.

विदा किती ताजी आहे हे तिच्या जोडणीच्या प्रकारावर अवलंबून असते. पॉवर बीआयच्या उदाहरणात, आयात केलेल्या विदासंचाचे नियोजित नूतनीकरण 'प्रो' परवान्यात दिवसातून ८ वेळा, तर 'प्रीमियम' क्षमतेवर ४८ वेळा करता येते. याउलट थेट जोडणीत प्रत्येक वेळी मूळ विदागाराला प्रश्न विचारला जातो. तेथे आकडा ताजा असतो, परंतु पडदा हळू उघडतो. मूळ नोंदी कार्यालयातील संगणकावर असतील, तर तेथे 'गेटवे' नावाची दुवा साधणारी प्रणाली बसवावी लागते. लहान पेढ्यांमध्ये टॅलीसारख्या हिशेब प्रणालीचा संगणक रात्री दुकान बंद करताना बंद केला जातो किंवा वीज गेल्यावर बंद पडतो. अशा वेळी रात्रीचे नूतनीकरण होत नाही आणि सकाळी मालकाच्या फोनवर परवाचा साठा 'आजचा' म्हणून दिसतो. शेवटचे नूतनीकरण कधी झाले ती वेळ अहवालाच्या पडद्यावरच ठळकपणे लिहिण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे. ही वेळ नसलेल्या डॅशबोर्डवरील आकड्यावर विसंबून मालाची मागणी नोंदविणे धोक्याचे असते.

वेळेचा आणखी एक गुंता भारतीय वापरकर्त्यांना भेडसावतो. ढगाधारित सेवांचे सर्व्हर बहुधा जागतिक समन्वित वेळेनुसार चालतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. पॉवर बीआयच्या सेवेवर 'आजची तारीख' देणारे सूत्र याच जागतिक वेळेनुसार उत्तर देते. परिणामी मध्यरात्र ते पहाटे ५.३० या काळात 'आज' या चाळणीखाली कालची विक्री दिसते. किराणा दुकानाला याने फरक पडत नाही. परंतु पहाटेच व्यवहार सुरू होणाऱ्या भाजीपाला वा मासळीच्या घाऊक बाजारात दिवसाची महत्त्वाची उलाढाल याच वेळेत होते. सूत्रात साडेपाच तासांची भर घालून हा दोष दूर करता येतो.

फोनवरील वापर

संगणकासाठी आखलेला अहवाल जसाच्या तसा फोनवर उघडला तर तो आडव्या पडद्यावर लहान अक्षरांत दिसतो. म्हणून अहवाल तयार करणाऱ्याने फोनसाठी वेगळी उभी मांडणी करणे अपेक्षित असते. तीत सर्व आलेख घेतले जात नाहीत. दोन-तीन मुख्य आकडे वर, त्याखाली एक-दोन आलेख आणि तपशिलाचा तक्ता सर्वांत शेवटी, असा क्रम सोयीचा ठरतो. आलेखातील एखाद्या स्तंभावर बोट ठेवले की पडद्यावरील उर्वरित आकडे त्याच भागापुरते बदलतात. उदाहरणार्थ, 'कोल्हापूर' या स्तंभाला स्पर्श केल्यास खालच्या तक्त्यात केवळ कोल्हापूरच्या शाखेची बिले उरतात. ही चाळणी लागू असल्याचे विसरून पुढचे आकडे वाचणे ही फोनवरील नेहमीची चूक आहे, कारण संगणकाप्रमाणे येथे चाळण्यांची यादी सतत डोळ्यांसमोर नसते.

फोनमध्ये असलेल्या परंतु संगणकात सहसा नसलेल्या साधनांचाही उपयोग केला जातो. पॉवर बीआयच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याने वस्तूवरील बारकोड टिपला की अहवाल त्या वस्तूपुरता गाळून मिळतो. गोदामात फळीसमोर उभे राहून त्या मालाचा खप पाहता येतो. अहवालाचा क्यूआर संकेत छापून यंत्राशेजारी वा दालनाच्या दारावर लावता येतो. फोनच्या स्थानानुसार शहर किंवा राज्याची चाळणी लावण्याची सोयही आहे. ती फिरत्या विक्री प्रतिनिधीला उपयोगी पडते. पडद्याच्या चित्रावर बोटाने खूण करून, दोन शब्द लिहून ते सहकाऱ्याला पाठविता येते. इंटरनेट नसताना ॲप आधी उघडलेल्या अहवालांची साठवलेली प्रत दाखविते. घाटरस्त्यात किंवा तळघरातील गोदामात तेवढ्याने भागते, मात्र ती प्रत जुनी असते.

आकड्यांचे वाचन आणि संभाव्य चुका

संगणकावरील अहवाल वाचणारा माणूस खुर्चीत बसलेला असतो. फोनवरचा आकडा जिना चढताना, बैठकीच्या मध्येच किंवा वाहनात पाहिला जातो. लहान पडद्यामुळे आकड्याभोवतीचा संदर्भ कापला जातो आणि उरलेला एकटा आकडा अधिक ठाम वाटू लागतो. बीआय ॲपच्या वापरातील बहुतेक गंभीर चुका तांत्रिक बिघाडातून नव्हे, तर अशा घाईच्या वाचनातून होतात.

सर्वांत सामान्य चूक अपुऱ्या कालखंडाच्या तुलनेची आहे. समजा, एका दुकानाची गेल्या महिन्याची विक्री ३० लाख रुपये होती आणि चालू महिन्यात १० तारखेपर्यंत ती ११ लाख झाली. ॲपवर लाल रंगात '६३.३ टक्के घट' दिसेल. परंतु गेल्या महिन्यातही १० तारखेपर्यंत १० लाखांचीच विक्री झाली असेल, तर प्रत्यक्षात ही १० टक्के वाढ आहे. तुलना 'महिन्याच्या आजच्या तारखेपर्यंत' अशी बांधलेली आहे की पूर्ण महिन्याशी, हे आलेखाच्या शीर्षकातच स्पष्ट असावे लागते.

महाराष्ट्रातील व्यापारात याहून अवघड प्रश्न सणांचा आहे. तयार बीआय प्रणाली 'गेल्या वर्षीचा हाच महिना' इंग्रजी दिनदर्शिकेनुसार शोधतात, तर खरेदी पंचांगानुसार होते. धनत्रयोदशी २०२३ मध्ये १० नोव्हेंबरला, २०२४ मध्ये २९ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये १८ ऑक्टोबरला आली. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२३ साली श्रावण अधिकमास असल्याने त्या वर्षीचे सण उशिरा आले. एखाद्या सराफाने नोव्हेंबर २०२४ ची तुलना नोव्हेंबर २०२३ शी केली, तर व्यवसाय कोसळल्याचे चित्र दिसेल. ऑक्टोबरची तुलना केली तर तितकीच खोटी भरभराट दिसेल. यावर उपाय म्हणून विदा आराखड्यातील तारखांच्या कोष्टकात सणांचा वेगळा स्तंभ ठेवतात आणि 'धनत्रयोदशीच्या आधीचे १५ दिवस' अशा खिडकीने दोन वर्षांची तुलना करतात. हे काम कोणतेही ॲप आपोआप करीत नाही. ते अहवाल बांधणाऱ्यालाच करावे लागते.

सरासरीची चूक अधिक फसवी असते, कारण ती शीर्षकातून उमगत नाही. एका शाखेची विक्री १ लाख रुपये व नफ्याचे प्रमाण २० टक्के, तर दुसरीची विक्री ९ लाख व प्रमाण ५ टक्के असल्यास दोन टक्केवारींची साधी सरासरी १२.५ येते. प्रत्यक्षात एकूण १० लाखांवरील नफा २० हजार अधिक ४५ हजार, म्हणजे ६५ हजार, अर्थात ६.५ टक्के आहे. आराखड्यात टक्केवारीचा स्तंभ थेट ओढून 'सरासरी' निवडली, तर ॲप पहिले उत्तर देते. त्यावर विसंबून सवलत जाहीर करणारा व्यापारी तोट्यात जाऊ शकतो.

आलेखाच्या अक्षाबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. ९६ लाख व ९८ लाख या दोन महिन्यांच्या विक्रीचे स्तंभ ९५ लाखांपासून सुरू होणाऱ्या अक्षावर काढले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. खरा फरक सुमारे २ टक्क्यांचा असतो. फोनवर अक्षावरील आकडे जागेअभावी लपविले जातात, त्यामुळे ही फसगत ओळखणे कठीण होते.

भारतीय संख्यालेखन हा आणखी एक अडथळा आहे. बहुतेक परदेशी ॲप मोठ्या संख्या हजार, मिलियन व बिलियन या एककांत, 'के', 'एम', 'बी' ही अक्षरे जोडून दाखवितात. १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी, त्यामुळे '२.५ बी' म्हणजे २५० कोटी हे मनात रूपांतरित करावे लागते. लाख-कोटीत विचार करणाऱ्या वाचकाकडून दहापटीची चूक येथे सहज होते. संख्येचे स्वरूप ठरविणारी सूत्रे बदलून लाख व कोटी ही एकके दाखविता येतात. तसेच भारतीय प्रदेश निवडल्यास स्वल्पविराम १२,३४,५६७ असे पडतात. रंगांचे संकेतही सार्वत्रिक नाहीत. भारतात शेअर बाजाराच्या फलकावर लाल म्हणजे घसरण, तर चीन व जपानमध्ये लाल म्हणजे वाढ. शिवाय लाल-हिरवा भेद न ओळखू शकणारे वाचकही असतात, म्हणून रंगासोबत बाण किंवा चिन्ह देणे इष्ट मानले जाते.

सूचना

ठरविलेली मर्यादा ओलांडली की फोनवर सूचना येणे ही मोबाइल बीआयची सर्वाधिक आकर्षक सोय आहे. पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्डवरील मापक, मुख्य निर्देशक आणि एकाकी आकड्याच्या चौकटींवर अशी मर्यादा लावता येते. मात्र सूचना विदेच्या नूतनीकरणानंतरच निघते. सिमेंटच्या पोत्यांचा साठा ५० च्या खाली गेल्यास कळवावे अशी सूचना लावली आणि दोन नूतनीकरणांच्या मधल्या वेळात साठा ४० वर उतरून पुन्हा ६० वर आला, तर ती सूचना कधीच येणार नाही. दुसऱ्या टोकाला, मर्यादा फार जवळ ठेवल्यास दिवसभर फोन वाजत राहतो आणि वापरकर्ता सर्वच सूचना बंद करून टाकतो. त्यात महत्त्वाचीही बंद होते.

सुरक्षितता

फोन हरवतो, चोरीला जातो, घरातील मुलांच्या हाती पडतो. संपूर्ण संस्थेची आर्थिक स्थिती दाखविणारे ॲप त्यात असेल, तर ही किरकोळ बाब राहत नाही. बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याची ओळख मागणारे ॲपचे स्वतंत्र कुलूप, द्विस्तरीय प्रमाणीकरण आणि हरवलेल्या फोनवरील कार्यालयीन विदा दुरून पुसण्याची व्यवस्था हे प्रचलित उपाय आहेत.

कोणाला कोणत्या नोंदी दिसाव्यात हे ओळनिहाय सुरक्षेने ठरविले जाते. नाशिकच्या व्यवस्थापकाला केवळ नाशिकच्या ओळी दिसाव्यात, अशी ही व्यवस्था असते. पॉवर बीआयमध्ये हा निर्बंध केवळ वाचनाचा अधिकार असणाऱ्यांनाच लागू होतो. ज्यांना त्या कार्यक्षेत्रात संपादनाचा अधिकार दिला आहे त्यांना सर्व ओळी दिसतात. सोय म्हणून सर्वांनाच संपादक केले, तर लावलेला निर्बंध निरुपयोगी ठरतो. पडद्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकले की कोणताही अधिकार-नियम उरत नाही, आणि गळती बहुधा याच साध्या मार्गाने होते. अहवालात ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक वा थकबाकी असल्यास भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याचाही संबंध येतो. फोनवरील मांडणीत व्यक्तिगत तपशील न ठेवता केवळ बेरजा ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कर्मचाऱ्यांवरील परिणाम

मालक वा वरिष्ठांच्या खिशात सतत डॅशबोर्ड असल्याने कामाच्या वेळेची सीमा पुसट होते. पूर्वी महिन्याच्या बैठकीत निघणारा उद्दिष्टाचा विषय रात्री दहा वाजता संदेश म्हणून येऊ शकतो. विक्री प्रतिनिधींची क्रमवारी दर तासाला सर्वांना दाखविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तीत विक्रीक्षेत्र चांगले असलेला माणूस वर आणि दुर्गम भाग सांभाळणारा खाली राहतो. हा फरक त्या यादीत दिसत नाही. मोजल्या जाणाऱ्या आकड्याकडेच लक्ष वळते, हाही अनुभव आहे: भेटींची संख्या मोजली तर भेटी वाढतात, विक्री वाढेलच असे नाही.

कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्याने मान्य आहे. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते; त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

प्रमुख ॲप

पॉवर बीआयचे ॲप अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रणालींवर चालते. अहवालाची बांधणी मात्र संगणकावरील पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये केली जाते आणि ती प्रणाली विनामूल्य उतरवून घेता येते. अहवाल इतरांना पाहण्यास देण्यासाठी सशुल्क परवाना लागतो. टॅब्लो ही कंपनी २०१९ मध्ये सेल्सफोर्सने विकत घेतली. लुकर ही कंपनी गूगलकडे असून तिचा व्यवहार २०२० मध्ये पूर्ण झाला. मुळात स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या क्लिकचेही मोबाइल ॲप आहे. चेन्नईस्थित झोहो कंपनीचे झोहो ॲनॅलिटिक्स पूर्वी झोहो रिपोर्ट्स या नावाने ओळखले जाई. त्याच कंपनीची हिशेब व ग्राहक-नोंदींची उत्पादने वापरणाऱ्या लहान उद्योगांना त्याची जोडणी सोपी जाते. या सर्व ॲपांत नोंदी युनिकोड पद्धतीत असल्यास ग्राहक, गाव व वस्तूंची नावे देवनागरीत दिसू शकतात. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी टंकांत नोंदविलेली नावे मात्र पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांच्या स्वरूपात येतात, आणि ती आधी रूपांतरित करून घ्यावी लागतात.